गर्दी नको, संघ हवा : स्वतंत्र विज्ञानपटाच्या वर्गणीचा हिशोब

'शूटिंग संपले, आता फक्त पोस्ट राहिले आहे, यथाशक्ती मदत करा.' स्वतंत्र चित्रपटासाठी वर्गणी मागणारे जे जे आवाहन आमच्यापर्यंत येते, त्यात हे वाक्य कुठे ना कुठे असतेच. आमचे भांडण त्यातल्या 'फक्त' या शब्दाशी आहे. चित्रपट विज्ञानकथेचा असेल तर हे भांडण अधिकच तीव्र आहे. कारण विज्ञानपट कॅमेऱ्यासमोर जेमतेम अर्धा तयार होतो. उरलेला अर्धा अंधाऱ्या खोलीत, संगणकासमोर महिनोन्‌महिने बसलेली माणसे तयार करतात. त्या माणसांच्या मजुरीची तरतूद न करता ज्यांनी मुहूर्ताचा नारळ फोडला, त्यांनी एक कर्ज काढून ठेवले आहे आणि ते फेडण्याचे काम दुसऱ्याच्या अंगावर टाकले आहे.

आम्ही वर्गणीच्या विरोधात नाही. आमच्या चळवळीचा प्रत्येक विहार, प्रत्येक अभ्यासिका, प्रत्येक पुस्तकाची आवृत्ती वर्गणीवरच उभी आहे. पण आजकाल 'क्राउडफंडिंग' या नव्या नावाखाली जे चालते, त्याची चिकित्सा व्हायला हवी. लोकांकडून पैसा आला म्हणजे चित्रपट लोकांचा झाला, ही समजूत खोटी आहे. गर्दी पैसे देते आणि पांगते. संघ पैसे देतो, हिशोब मागतो, राबणाऱ्याला मजुरी देतो आणि तयार झालेली वस्तू आपल्या मालकीत ठेवतो. या दोहोंतला फरक ज्याला कळत नाही, त्याला आपण पैसे का द्यावेत?

पण विज्ञानपट कशाला?

आधी हा नेहमीचा आक्षेप निकालात काढू. वस्तीत पाणी येत नाही, पोरांची फी भरता येत नाही आणि तुम्हाला अंतराळयान कसले उडवायचे आहे, असे आमचेच ज्येष्ठ कार्यकर्ते विचारतात.

त्यांनी 'नेपच्यून फ्रॉस्ट' हा चित्रपट पाहावा. सॉल विल्यम्स आणि अनिसिया उझेमन या दोघांनी तो दिग्दर्शित केला, चित्रीकरण रवांडात झाले आणि कथा घडते शेजारच्या बुरुंडीत. कोल्टनच्या खाणीत एक मजूर मरतो, त्याचा भाऊ खाण सोडून निघतो आणि संगणकाच्या भंगारात राहणाऱ्या बंडखोर हॅकरांच्या वस्तीत पोहोचतो. कोल्टन म्हणजे ज्यातून टँटलम धातू निघतो ते खनिज. तुमच्या-आमच्या हातातल्या मोबाइलमधल्या छोट्या छोट्या कपॅसिटरांत तो असतो. पात्रांच्या अंगावरचे कपडेही इलेक्ट्रॉनिक भंगारातून बनवलेले आहेत. संवाद किन्यारवांडा, किरुंडी, स्वाहिली अशा भाषांत आहेत. या चित्रपटासाठी २०१८ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून सुमारे दोन लाख डॉलर गोळा झाले, पुढे इतर निर्माते जोडले गेले आणि २०२१ मध्ये तो कान महोत्सवाच्या 'डायरेक्टर्स फोर्टनाइट' विभागात दाखवला गेला.

ज्यांच्या कष्टावर जगाचे तंत्रज्ञान उभे आहे, ते लोक त्या तंत्रज्ञानाच्या गोष्टीत नायक असतात की नसतात, हा प्रश्न पाण्याच्या प्रश्नापासून फार लांबचा नाही. उद्याचे जग कसे असेल याचे चित्र आज कोणीतरी रंगवत आहे. त्या चित्रात आपण कुठे उभे आहोत हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या पैशाने चित्र रंगते त्याच्याकडे जातो. म्हणून विज्ञानपट हवा. आणि म्हणूनच त्याचा पैसा कसा जमतो, कुठे खर्च होतो, हे विचारणे आवश्यक आहे.

'पोस्टमध्ये बघून घेऊ'

पोस्ट-प्रॉडक्शन म्हणजे नेमके काय, हे वर्गणी देणाऱ्याला कोणी सांगत नाही. आम्ही सांगतो.

चित्रपटाच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात. नायिका दहा सेकंद हवेत तरंगते असे दाखवायचे असेल तर ती २४० चित्रे झाली. तिला उचलून धरणारी तार या २४० चित्रांतून पुसावी लागते आणि तारेमागे झाकलेली भिंत किंवा आभाळ पुन्हा भरावे लागते. तिच्या शरीराची कड आखून तिला मागच्या दृश्यापासून वेगळे करावे लागते. याला रोटो म्हणतात. कॅमेरा हलला असेल तर त्याची हालचाल संगणकात जुळवून घ्यावी लागते, नाहीतर मागे बसवलेला ग्रह डुगडुगतो. मग हे सारे थर एकत्र बसवणे म्हणजे कंपोझिटिंग, आणि शेवटी रेंडर. रेंडर रात्रभर चालतो आणि सकाळी चूक दिसली की पुन्हा पहिल्यापासून.

हे झाले नुसते दिसण्याचे. ऐकण्याचे वेगळेच. यानाच्या दाराचा आवाज, हेल्मेटच्या आतला श्वास, परक्या ग्रहावरचा वारा यांतले काहीच शूटिंगच्या जागी नसते. तिथे पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचे हॉर्न असतात. म्हणजे डबिंग आले, फोली आली, ध्वनिमिश्रण आले. त्यानंतर रंगसंस्कार, उपशीर्षके, सेन्सॉर प्रमाणपत्र, थिएटरसाठी डीसीपी. यातला एकही टप्पा गाळून चित्रपट पडद्यावर जात नाही.

आता सेटवरचे आवडते वाक्य ऐका : 'पोस्टमध्ये बघून घेऊ.' हिरव्या कापडाला सुरकुत्या पडल्या आहेत? पोस्टमध्ये बघू. कापडावर प्रकाश सारखा पडलेला नाही? पोस्टमध्ये बघू. सेटवर दहा मिनिटे आणि एक जास्तीचा दिवा ज्याने वाचवला, त्याने त्या खोलीतल्या रोटो करणाऱ्या पोराचा आठवडा खाल्ला. समाजशास्त्राच्या वर्गात याला फार मोठी नावे देतात. आमच्या साध्या भाषेत, वरच्याने ओझे खालच्यावर ढकलले आणि खालच्याला त्याचे पैसेही दिले नाहीत. ही रीत आपल्याला ओळखीची नाही काय?

मालेगावच्या शेख नासिर आणि त्यांच्या साथीदारांनी हिरव्या कापडासमोर आपला सुपरमॅन उडवला. यंत्रमागावर राबणारा शफिक त्यात नायक होता. फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये त्यावर माहितीपट केला आणि तो जगभर गाजला. त्या मंडळींबद्दल आम्हाला आदर आहे. पण त्यांचा चित्रपट विडंबन होता आणि कच्चेपणा हा त्याच्या विनोदाचाच भाग होता. गंभीर विज्ञानपटाला ती सवलत मिळत नाही. तिथे तार दिसली की प्रेक्षक हसतो आणि विचार मेला.

सात हजार डॉलरची दंतकथा

पैशाचा विषय काढला की कोणीतरी 'प्रायमर'चे नाव घेतोच. शेन कॅरुथ या अमेरिकन तरुणाने सुमारे सात हजार डॉलरमध्ये कालप्रवासावरचा चित्रपट केला आणि २००४ मध्ये सनडान्स महोत्सवात सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळवले. खरे आहे. मग आम्हाला ऐकवले जाते की बघा, जिद्द असली की पैसा लागत नाही.

या सात हजारांचा हिशोब नीट मांडू. त्यातला बहुतांश पैसा कच्च्या फिल्मवर गेला. लेखन, दिग्दर्शन, मुख्य भूमिका, संकलन, संगीत हे सारे कॅरुथने स्वतः केले. पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये त्याची जवळपास दोन वर्षे गेली. गणित शिकलेला, सॉफ्टवेअरच्या नोकरीचा अनुभव गाठीशी असलेला एक माणूस दोन वर्षे एका चित्रपटामागे घालवू शकला. त्या दोन वर्षांची मजुरी लावा आणि मग सांगा तो चित्रपट कितीचा होता.

ज्याच्या घरात एकच कमावता आहे, ज्याला दर महिन्याला गावी पैसे पाठवायचे आहेत, त्याच्याकडे बिनपगारी दोन वर्षे कुठून येणार? बिनपगारी वेळ हेही भांडवल आहे, आणि ते भांडवल कोणत्या घरात साठलेले असते हे आमच्या वाचकांना सांगायला नको. 'सात हजारात चित्रपट' ही कथा ऐकायला गोड आहे. पण ती आपल्या पोरांना ऐकवली की तिचा अर्थ एवढाच होतो की मजुरी मागू नका. कॅरुथने स्वतःचे श्रम फुकट दिले, तो त्याचा प्रश्न. आमचे दिग्दर्शक मित्र मात्र दुसऱ्याचे श्रम फुकट मागतात आणि उदाहरण कॅरुथचे देतात.

फिनलंडची गोष्ट : चाहत्यांचे लाखो आणि शेवट

लोकवर्गणीच्या विज्ञानपटाचे सर्वांत गाजलेले उदाहरण फिनलंडचे आहे. ते पूर्ण सांगितले पाहिजे, कारण सांगणारे अर्ध्यावर थांबतात.

टाम्पेरे शहरातल्या समुली टोर्सोनेन, टिमो वुओरेनसोला आणि त्यांच्या मित्रांनी सात वर्षे खपून 'स्टार रेक : इन द पिर्किनिंग' नावाचे विडंबन तयार केले. २००५ मध्ये त्यांनी ते इंटरनेटवर फुकट सोडले आणि लाखो लोकांनी उतरवून घेतले. त्या प्रेक्षकवर्गाच्या बळावर त्यांनी पुढचा चित्रपट जाहीर केला : 'आयर्न स्काय'. १९४५ मध्ये पळून चंद्राच्या मागच्या बाजूला लपलेले नाझी पृथ्वीवर परत येतात, अशी ती उपहासात्मक कथा. २०१२ मध्ये बर्लिन महोत्सवात तो दाखवला गेला.

लोकांचा चित्रपट म्हणून त्याचे कौतुक झाले. आकडे काय सांगतात? एकूण खर्च सुमारे ७५ लाख युरो. त्यात चाहत्यांकडून आलेला पैसा सुमारे १० लाख युरो. म्हणजे साडेसात युरोंमागे एक युरो चाहत्यांचा. बाकीचा पैसा सरकारी चित्रपट निधी आणि फिनलंड, जर्मनी, ऑस्ट्रेलियातल्या सहनिर्मात्यांकडून आला. म्हणजे ज्या चित्रपटाचा दाखला देऊन आपल्याला लोकवर्गणीचे सामर्थ्य शिकवले जाते, तो मुख्यतः सार्वजनिक निधी आणि सहनिर्मात्यांच्या पैशावर उभा होता. चाहत्यांच्या पैशाने दार उघडले, हे नक्की. पण घर त्याने बांधले नाही.

आता पुढचा भाग. यशानंतर त्याच मंडळींनी दुसऱ्या चित्रपटासाठी इंडिगोगोवर आवाहन केले आणि २०१४ मध्ये पाच लाख डॉलरचे लक्ष्य पार केले. काही चाहत्यांनी तर कंपनीचे भागही विकत घेतले. चित्रीकरण २०१५ मध्ये झाले. चित्रपट लागला जानेवारी २०१९ मध्ये. मधली तीन वर्षे कुठे गेली? प्रामुख्याने पोस्टमध्ये. जो चित्रपट डायनोसॉर, पृथ्वीच्या पोटातले शहर आणि अवकाशयाने दाखवणार आहे, त्याचे खरे काम कॅमेरा बंद झाल्यावरच सुरू होते, आणि पैशाची ओढ नेमकी तेव्हाच लागते. चित्रपट आला तोवर उत्साह ओसरला होता आणि व्यवसाय अपेक्षेप्रमाणे झाला नाही. २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. ज्यांनी भाग घेतले होते त्यांच्या हाती कागद राहिले.

या मंडळींनी लोकांना लुबाडले असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी चित्रपट पूर्ण केला, पडद्यावर आणला. आमचा मुद्दा वेगळा आहे. भाग विकत घेतलेला चाहतासुद्धा गर्दीतलाच राहिला. एकमेकांना न ओळखणारे, निरनिराळ्या देशांत बसलेले, सभेत कधी एकत्र न आलेले हजारो लोक कंपनीला प्रश्न कसे विचारणार? मालकीचा कागद हातात असणे आणि मालक असणे यांत जे अंतर आहे, ते संघटनेशिवाय भरून निघत नाही.

खोलीतली माणसे

आता त्या अंधाऱ्या खोलीत जाऊ. ती खोली फिनलंडमध्येच असते असे नाही, ती गोरेगाव-मालाडलाही असते.

फेब्रुवारी २०१३. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ आणि समुद्र तयार करणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. दोनच आठवड्यांत त्याच कामाला व्हीएफएक्सचे ऑस्कर मिळाले. मंचावर बिल वेस्टेनहोफर यांनी कंपनीच्या आर्थिक संकटाबद्दल बोलायला सुरुवात केली तेव्हा 'जॉज' चित्रपटाचे संगीत वाजवून त्यांचे बोलणे आटोपते घ्यायला लावले आणि मग माइकही बंद झाला. त्या वेळी बाहेर रस्त्यावर शेकडो व्हीएफएक्स कामगार निदर्शने करत होते. या कंपनीचे स्टुडिओ मुंबई आणि हैदराबादलाही होते.

२०२२ मध्ये 'ड्यून' या विज्ञानपटाला व्हीएफएक्सचे ऑस्कर मिळाले. त्यामागच्या डीनेग या कंपनीचे मुंबईसह भारतात मोठे स्टुडिओ आहेत. मुंबईचीच प्राइम फोकस ही तिची मूळ मालक कंपनी. जगाच्या विज्ञानपटांतले वाळवंट, याने आणि ग्रह आपल्या शहरांतली पोरे रात्रपाळीत बसून घडवतात. खालच्या पायरीवरच्या कामाला या धंद्यात काय म्हणतात माहीत आहे? 'क्लीनअप'. तार पुसा, डाग पुसा, सावली पुसा. आमच्या ओळखीची मुले हे काम करतात. ती सांगतात की श्रेयनामावलीत नाव आले तर आले, आणि डिलिव्हरी जवळ आली की घरी जायची वेळ ठरलेली नसते.

मोठ्या भांडवलाकडून आम्ही दुसरी अपेक्षा करत नाही. पण स्वतःला पर्यायी, स्वतंत्र, बंडखोर म्हणवणारा चित्रपट जेव्हा त्याच पोराला सांगतो की हा आपल्या समाजाचा प्रोजेक्ट आहे, थोडे ॲडजस्ट कर, तेव्हा आमचे डोके फिरते. मोठी कंपनी निदान कमी का होईना पगार देते. तुम्ही भावना देता. कॅमेरा भाड्याने देणारा रोख घेतो, जनरेटरवाला रोख घेतो, जेवणाचा ठेकेदार रोख घेतो. उधारीवर राहतो तो संकलक, ध्वनीवाला आणि रोटोवाला. आणि त्याने पैसे मागितले की तो चळवळीशी गद्दार!

आमच्या माहितीतल्या एका गटाचा असाच एक लघुपट आहे. नाव घेणार नाही. शूटिंगला पैसा होता, स्टेटसवर फोटो होते, ड्रोन होता. संकलकाला दोन महिने काही मिळाले नाही, त्याने दुसरीकडे नोकरी धरली. आता ते सारे एका हार्ड डिस्कमध्ये आहे आणि हार्ड डिस्क कोणाकडे आहे यावर वाद आहे. शंभर-शंभर रुपये दिलेल्या वस्तीतल्या बायका अजूनही विचारतात, पिक्चर कधी लागणार? त्यांना उत्तर द्यायला कोणी जात नाही.

मग शेठजीकडे जायचे का?

यावर एक पळवाट सुचवली जाते की वर्गणीच्या भानगडीत पडू नका, पैसेवाला निर्माता धरा किंवा ओटीटीला विका. ज्याला जमेल त्याने जरूर करावे. पण पहिल्यांदा चित्रपट करणाऱ्याचा विज्ञानपट कागदावर असताना कोण घेतो? तयार झाल्यावर विचारतात, आणि तयार होण्यासाठीच तर पैसा नाही. मराठी चित्रपटाला मिळणारे शासनाचे अनुदानही चित्रपट पूर्ण होऊन सेन्सॉर झाल्यावरच मिळते. म्हणजे सगळी दारे पोस्टच्या पलीकडे आहेत आणि अडलेला माणूस अलीकडे उभा आहे. नेमक्या याच जागी हक्क विकले जातात. अर्धवट चित्रपट हातात धरून बसलेल्या माणसाकडून सगळे हक्क कायमचे लिहून घेणे फार सोपे असते. म्हणून पोस्टचा पैसा आधी जमवणे हा तंत्राचा प्रश्न कमी आणि मालकीचा जास्त आहे.

संघ कसा असतो

१९७६ चा श्याम बेनेगल यांचा 'मंथन' आठवा. विज्ञानपट नव्हे, पण आमच्या मुद्द्याला तोच हवा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाखांत चित्रपट उभा राहिला. हे पैसे क्यूआर कोडवर जमले नव्हते. गावोगाव दूध संस्था होत्या, रोजच्या दुधाची नोंद होती, सभासद एकमेकांना ओळखत होते. हिशोबाची वही चित्रपटाच्या आधीपासून अस्तित्वात होती. चित्रपट तयार झाल्यावर प्रेक्षकही तेच शेतकरी झाले, ट्रक भरभरून पाहायला आले. संघ आधी, चित्रपट नंतर.

दुसरे उदाहरण विज्ञानकथेच्या जवळचे आहे. कन्नडमधला पवन कुमार यांचा 'लुसिया' (२०१३). थिएटरात टॉर्च धरून जागा दाखवणारा, झोप न येणारा एक तरुण स्वप्ने पाडणारी गोळी घेतो आणि स्वप्नात तारा होतो. निर्मात्यांनी पाठ फिरवल्यावर पवन कुमार यांनी ब्लॉगवरून थेट लोकांना विचारले आणि महिन्याच्या आत शंभरावर लोकांकडून सुमारे ५० लाख रुपये जमले. हे लोक देणगीदार नव्हते, त्यांना उत्पन्नात वाटा देण्याचे ठरले होते. पुढे तमिळमध्ये त्याचा पुनर्निर्मित चित्रपटही आला. कल्पनेची मालकी स्वतःकडे ठेवली की असे होते.

आपल्यालाही हा धडा नवा नाही. १९२० मध्ये 'मूकनायक' निघाले तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती, तरी १९२३ मध्ये ते बंद पडले. 'बहिष्कृत भारत' १९२७ मध्ये सुरू होऊन १९२९ मध्ये थांबले. मोठ्या मनाची एकरकमी मदत सुरुवात करून देते. काम शेवटापर्यंत न्यायला नियमित वर्गणीदार लागतात.

आमच्या अटी

तेव्हा उद्या कोणी विज्ञानपटासाठी वर्गणी मागायला आला तर त्याला हाकलू नका. त्याच्यासमोर या अटी ठेवा.

एक, पोस्टचे अंदाजपत्रक आधी दाखवा. पटकथेत व्हीएफएक्सचे शॉट किती, कोणता किती सेकंदांचा, हे मोजलेले असावे. संकलक, ध्वनी आणि व्हीएफएक्स करणारा यांनी पटकथा वाचून दिलेले लेखी दर सोबत असावेत. हिरव्या कापडासमोर शूटिंग असेल त्या दिवशी व्हीएफएक्स करणारा सेटवर हजर असावा.

दोन, जमलेल्या पैशाचे दोन कप्पे करा. आमच्या मते विज्ञानपटात निम्मी रक्कम पहिल्या दिवसापासून पोस्टसाठी वेगळ्या खात्यात पडली पाहिजे आणि तिथून पैसे काढायला वर्गणीदारांच्या प्रतिनिधीची सही लागली पाहिजे. शूटिंग लांबले तरी त्या खात्याला हात लागणार नाही. निम्म्यात शूटिंग बसत नसेल तर पटकथा लहान करा.

तीन, मजुरी लेखी ठरवा. कोणी स्वखुशीने नंतर पैसे घेणार असेल तर त्याला उत्पन्नात वाटा द्या. क्लीनअप करणाऱ्याचेही नाव श्रेयनामावलीत हवे, आणि 'विशेष आभार' हे मजुरीचे चलन नव्हे.

चार, दर तीन महिन्यांनी हिशोब. किती आले, कुठे गेले, किती शॉट झाले, किती राहिले. ज्या गटावर वर्गणी मागितली त्याच गटावर हिशोब टाका.

पाच, मालकी संस्थेची. खासगी कंपनीने जाहीर आवाहन करून भाग विकणे कायद्यात बसत नाही, आणि नुसती देणगी दिली की कसलाच हक्क राहत नाही. पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली निरनिराळ्या कुटुंबांतली दहा माणसे एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. सभासदाला एक मत, दरवर्षी सर्वसाधारण सभा, लेखापरीक्षण. मूळ चित्रण आणि प्रोजेक्ट फाइल यांच्या तीन प्रती तीन ठिकाणी, संस्थेच्या ताब्यात. एका माणसाच्या कपाटात नव्हे.

सहा, पहिला खेळ वर्गणीदारांच्या वस्तीत. विहारात, वसतिगृहात, अभ्यासिकेत. महोत्सवात नंतर जा.

आणि रफ कट तयार झाला की बाहेरच्या दारांवरही थाप मारा. गोव्याच्या फिल्म बाजारमध्ये अपूर्ण चित्रपटांसाठी वर्क-इन-प्रोग्रेस लॅब आहे, रॉटरडॅमचा हुबर्ट बाल्स फंड पोस्ट-प्रॉडक्शनला साहाय्य देत आला आहे. तिथे अर्ज करणे ही भीक नव्हे. आयर्न स्कायला सरकारी निधी घ्यायला लाज वाटली नाही, आपल्याला का वाटावी? फरक एवढाच की अर्ज करताना चित्रपटाची मालक म्हणून आपली संस्था उभी असली पाहिजे, थकलेला एकटा दिग्दर्शक नव्हे.

काही दिग्दर्शक मित्र म्हणतील की इतक्या अटी घातल्या तर कला मरते. आमचे म्हणणे, कला हार्ड डिस्कमध्ये मरते. आपल्या समाजात हुशार संकलक आहेत, ध्वनी शिकलेल्या मुली आहेत, रात्रभर दुसऱ्यांचे ग्रह रंगवणारी मुले आहेत. त्यांना एकत्र बसवणारी, त्यांच्या कामाचे पैसे वेळेवर देणारी एक नोंदणीकृत संस्था प्रत्येक जिल्ह्यात सोडा, आधी एका शहरात तरी उभी करा. दहा माणसे लागतात. वही-पेन घेऊन बसा, पहिल्या सभेचे इतिवृत्त लिहा, आणि मग सांगा किती वर्गणी द्यायची. पावती मात्र आम्ही मागणारच.

जय भीम!